जांभळा तुकडा

म्हापशात, शुक्रवारच्या बाजाराकडे पाठ करून
माझं फ्रेमांचं दुकान:
देव, लग्नं, वारलेले, बारावीत पहिली आलेली कुणाची नात.
परवा साळगावचे ओनोरात मेश्कीता
बिस्किटांच्या चपट्या डब्यातून तीन कागद घेऊन आले.
आजोबा बोटीवर खानसामा. योकोहामाहून ताटल्या आणल्या,
त्या ह्या कागदांत गुंडाळलेल्या होत्या म्हणे.
"ताटली एक उरली नाही," ओनोरात म्हणाले,
"कागद उरले."

दोनांची वाळवीने चाळणी केलेली.
तिसऱ्यात एक बाई.
ती कोल्हीण आहे, असं ओनोरात कुठूनतरी विचारून आलेले.
माणसाशी संसार केला, मूल झालं,
मग एका सकाळी शेपूट दिसलं आणि निघाली.
तिकडच्या नाटकातला प्रवेश,
लाकडात कोरून, एकेका रंगाचा वेगळा ठसा देऊन छापलेला.
मूल बाहीला लोंबकळतंय.
बाहीच्या आत तिची मूठ पंजासारखी वळलेली,
दोन्ही बुबुळं नाकाशी आलेली,
सुईत दोरा ओवताना येतात तशी.

कपाळावर फडक्याचा एक जांभळा तुकडा,
केसांच्या रेषेखाली नीट बसवलेला.
मी काच पुसायची थांबले.

माझ्या बापाने चतुर्थीपासून शिगम्यापर्यंत
कधी मिशी ठेवली नाही.
जत्रेच्या नाटकात तो नायिका.
दिवसा कदंबाच्या बसमध्ये तिकिटं फाडायचा,
आणि मागच्या सीटवरून कोणीतरी हाक मारायचं,
"वहिनी, एक म्हार्दोळ द्या!"
तो द्यायचा. सुट्टे पैसेसुद्धा.
हनुवटीवरची हिरवट सावली
पावडरच्या तीन थरांखालून वर यायचीच.

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची.
कपाट उघडं टाकून गेली.
त्यात एक साडी राहिली, अबोली रंगाची,
आणि त्या जत्रेत बाप ती नेसून उभा राहिला.
नाटकात त्याला मूल टाकून जायचं होतं.
मूल म्हणजे दुपट्यात गुंडाळलेली उशी.
मी बायकांच्या रांगेतून उठले,
पेटीवाल्याच्या बाकावर चढले,
तिथून वर,
आणि निऱ्या धरल्या.

लोकांना वाटलं, नाटकातच आहे.
कुणी पाचाची नोट माझ्या फ्रॉकला टाचली.
बापाने खाली पाहिलं.
"सोड गो," म्हणाला,
त्याच आवाजात, नायिकेच्या.
तो आवाज कुणाचा, हे मी पुढे बरीच वर्षं ठरवत होते.

"कडा कापा," ओनोरात म्हणाले,
"घरी एक रिकामी फ्रेम आहे, तीत बसायला हवी."
मी कागद उलटा केला.
पाठीवर घासल्याचे गोल वळसे,
कुणाच्या तरी तळहाताचा जोर,
आणि पाझरून आलेली उलटी बाई, उलटं मूल.
जांभळा सगळ्यांत गडद.

संध्याकाळी बापाला दाखवला.
एकोणऐंशी वय, एका डोळ्यात मोतीबिंदू.
लांब धरला, जवळ धरला.
"अगो, हो दादलो!"
मग म्हणाला, "तासलेलं कपाळ झाकलंय.
लपवायचंच असतं
तर अंगाच्या रंगाचं फडकं नसतं लावलं?"
मग, "खांदा चुकीचा पाडलाय."
मग, "नाही. बरोबर आहे. पोर ओढतंय ना."
रस्त्यावरून पाववाल्याची पोंपों गेली.
बाप बोट कागदाला न टेकवता
त्या मुलाच्या मुठीशी घेऊन गेला.
"ह्याला कसं धरायचं ते शिकवलं असणार.
तुला कोणी शिकवलं नव्हतं."

कडा कापल्या नाहीत.
ओनोरातना फोन केला, नवी फ्रेम, जास्त पैसे.
कुरकुरले. डब्यात बरी होती म्हणाले.
बिलात काय लिहायचं कळेना.
'बाई व मूल, एक नग' लिहिलं.
काच आणि कागद ह्यांच्यात दोन सुतांची फट ठेवली.
आमच्या दमट हवेत
कागद एकदा काचेला टेकला
की सोडत नाही.